दोन बोटांची फट

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना आम्ही सारे दाजी म्हणतो. दाजींनी आयुष्याची ३४ वर्षे राज्य परिवहन महामंडळाच्या दापोडी येथील कार्यशाळेत काढली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला एस.टी.ची पहिली गाडी धावली. पुढे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ज्या असंख्य गाड्या पोहोचल्या, त्यांना ज्या हातांनी अंग दिले त्यांतले दोन हात दाजींचे होते. कार्यशाळेत नुसती चासी येई. म्हणजे इंजिन, चाके आणि खालच्या लोखंडी पट्ट्या. तिच्यावर सांगाडा उभा करायचा, पत्रा चढवायचा, रिव्हेट मारायचे, खिडक्या बसवायच्या, हे त्यांचे काम. "साऱ्या महाराष्ट्राला मी गाडीत बसवले, मास्तर," ते मला म्हणत, "पण मी स्वतः मात्र घर ते दापोडी आणि दापोडी ते घर, एवढाच प्रवास केला."

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मिनीबस विकत घेतली आणि तिचे घर करायचे ठरवले. वाहनाच्या रचनेत असा बदल मनाला वाटेल तसा करता येत नाही. त्यासाठी परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. ती मिळवण्यात काही महिने गेले. दाजींनी घाई केली नाही. या खटाटोपाच्या मुळाशी अक्काची एक जुनी इच्छा होती. आयुष्यात एकदा तरी पौष आणि माघ हे दोन महिने काशीत राहावे, सकाळी गंगेचे दर्शन घ्यावे, असे तिच्या मनात फार वर्षांपासून होते. तथापि अक्काला दमा आहे. धूर, धूळ आणि दमट गारठा या तिन्ही गोष्टी तिला सोसत नाहीत. परक्या ठिकाणच्या खोलीत शेजारची चूल कशी असेल, भिंतीला ओल असेल का, जिने किती चढावे लागतील, याची तिला धास्ती वाटे.

वस्तुतः काशी मराठी माणसाला परकी नाही. एकनाथांनी आपले भागवत पूर्ण केले ते वाराणसीत, १५७३ साली. शिवाजी महाराजांच्या १६७४ मधील राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीचेच. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. आज दिसणारे विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली उभारले. शिंदे आणि भोसले यांच्या नावांचे घाट तेथे आहेत आणि दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. परंतु आजारी माणसाला इतिहासाच्या आधाराने झोप लागत नाही. त्याला स्वतःचे अंथरूण हवे असते. म्हणून दाजींनी ठरवले, की अक्काचे घरच काशीला न्यायचे.

२०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या मदतीला गेलो. मी मराठीचा शिक्षक. पाठ्यपुस्तकांच्या समितीवर काम करणारा माणूस. हातोडी धरण्याचा सराव मुळीच नव्हता. दाजींनी मला मोजपट्टी दिली आणि वही सांभाळायला सांगितले. त्या दहा दिवसांत मी जे शिकलो, ते कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते.

आपल्याकडची बस ही उन्हाळ्यासाठी बनवलेली असते. तिच्या खिडक्या सैल असतात, छताला वारा घेणाऱ्या झडपा असतात, अंगाला पातळ पत्रा असतो. तेच घर थंडीत राहण्याजोगे करायचे तर उलट दिशेने विचार करावा लागतो. धातूतून उष्णता झरझर वाहून जाते. थंडीत पितळी तांब्याला हात लावला की तो लाकडी पाटापेक्षा कितीतरी गार लागतो, ते याच कारणाने. म्हणून दाजींनी आतला पत्रा उतरवला, लोखंडी फासळ्यांच्या मधल्या जागेत थर्माकोलचे तक्ते बसवले आणि वरून प्लायवूड ठोकले. थर्माकोलमध्ये बहुतांश हवाच असते. हलू न शकणारी, जागच्या जागी कोंडलेली हवा उष्णता सहसा पुढे जाऊ देत नाही. "मास्तर, आपण भिंतीत हवा भरतो आहोत," दाजी म्हणाले. मला त्या वाक्याची मोठी गंमत वाटली.

फरशीवर आणखी एक लाकडी थर आला आणि त्यावर जाड सतरंजी. गॅसच्या टाकीसाठी बाहेरच्या अंगाने उघडणारा, आतून पूर्ण बंद असा लोखंडी कप्पा केला आणि त्याच्या तळाला भोके पाडली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो. भोके तळाशी असली तर तो जमिनीकडे निघून जातो, वर असली तर कप्प्यातच राहतो. दिव्यांसाठी स्वतंत्र बॅटरी बसवली. दोन बाजूंना दोन बाक आणि मागे एक आडवा बाक असे तीन बिछाने झाले. बाकांच्या पोटात धान्याचे डबे, औषधे आणि कपडे.

अक्का स्वस्थ बसली नव्हती. तिने आईच्या जुन्या लुगड्यांच्या आणि स्वतःच्या विटक्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवायला घेतल्या होत्या. त्या केवळ पांघरायच्या नव्हत्या. गाडीची पुढची मोठी काच हे थंडीचे सर्वांत मोठे दार असते. चालकाच्या आसनामागे वरपासून खालपर्यंत सोडण्यासाठी एक लांबरुंद गोधडी आणि प्रत्येक खिडकीसाठी एक लहान गोधडी तिने तयार केली. टाके बारीक, ओळी सरळ. दुपारभर ती शिवत असे आणि दर अर्ध्या तासाने खोकत असे. तो खोकला ऐकला, की दाजींचा हातोडा क्षणभर थांबे.

मला वाटते, त्या थांबण्यातच पुढच्या चुकीचे बीज होते. दाजींना अक्काला वारा लागू द्यायचा नव्हता. त्यांनी खिडक्यांच्या कडांना रबर बसवले. दाराच्या चौकटीला दुहेरी रबर लावले. आणि शेवटच्या दिवशी छताच्या दोन्ही झडपा आतून लांबी भरून कायमच्या बुजवून टाकल्या. "आता मुंगीसुद्धा आत यायची नाही," ते समाधानाने म्हणाले. मी वहीत लिहिले : 'झडपा बंद. काम पूर्ण.'

डिसेंबरच्या सुरुवातीस ते दोघे निघाले. पुण्याहून नागपूर, तेथून जबलपूर, रीवा आणि मिर्झापूर. नागपूरहून काशीला जाणारा हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखला जाई. तो वाराणसीपासून थेट कन्याकुमारीपर्यंत जात होता. दाजींनी रात्री गाडी चालवली नाही. सातव्या दिवशी ते काशीत पोहोचले. शहराच्या जुन्या गल्ल्यांत एवढे वाहन शिरणे शक्य नव्हते. लंका भागातून सामने घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत ओळखीच्या एका गृहस्थांचे मोकळे आवार होते. तेथे गाडी उभी राहिली. गंगा शंभर पावलांवर होती आणि अस्सी घाट रिक्षाने जवळ होता.

मी २५ डिसेंबरला रेल्वेने तेथे पोहोचलो. धुक्यामुळे गाडीला मोठा विलंब झाला होता. दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होते आणि घाटांवर स्नानाला लोटणाऱ्या गर्दीची सर्वत्र चर्चा चालू होती. मात्र आवारात शिरलो तेव्हा मला प्रथम जाणवली ती थंडी. आपल्याकडची थंडी कोरडी असते. पहाटे बोचते आणि नऊ वाजता उन्हात विरून जाते. गंगाकाठची थंडी तशी नव्हती. दाट धुक्याने दिवसदिवस सूर्य दिसत नसे. दुपारीही हात खिशातून काढवत नसे. तिकडचे लोक या ओल्या, हाडांत शिरणाऱ्या गारठ्याला 'गलन' म्हणतात. त्या वर्षीचा डिसेंबर उत्तर भारतात विलक्षण थंड गेला. दिल्लीत तर १९०१ पासूनच्या नोंदींत तो दुसऱ्या क्रमांकाचा थंड डिसेंबर ठरला. हवामान खात्याच्या भाषेत 'शीत दिवस' असा एक शब्द आहे. रात्र थंड असतेच, पण दिवसाचे कमाल तापमानही सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून अधिक उतरते, तेव्हा तो वापरतात. असे दिवस एकापाठोपाठ एक येत होते.

गाडीत शिरताच मात्र बरे वाटले. अक्काने चहा केला. दाजींनी भिंतीवरचा तापमापक अभिमानाने दाखवला : बाहेर ७, आत १५. परंतु अक्काचा चेहरा ओढलेला दिसत होता. तिचा खोकला पुण्यापेक्षा वाढला होता.

कारण सकाळी कळले. पहाटे माझ्या कपाळावर पाण्याचा थेंब पडला. डोळे उघडून पाहतो तो छताच्या स्क्रूंच्या माथ्यांवर थेंब लोंबत होते. काचांवरून ओघळ वाहत होते. भिंतीला टेकलेली माझी उशी एका बाजूने ओली झाली होती आणि बाकाखालच्या कपड्यांना कुबट वास येत होता. दाजी शिडी लावून छतावर चढले आणि तासभर गळती शोधत राहिले. ३४ वर्षे गाड्या बांधणारा माणूस धुक्यात कुडकुडत प्रत्येक रिव्हेट तपासत होता. गळती कोठेच नव्हती.

पाणी बाहेरून येत नव्हते. ते आमचेच होते. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासावाटे साधारण पेलाभर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकतो. आम्ही तिघे होतो. त्यात चहाची, भाताची वाफ आणि आत वाळत घातलेले कपडे. त्या वाफेला बाहेर जायला वाट नव्हती. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसे थेंब धरतात, तशी ती वाफ थंड काचेवर आणि लोखंडावर जाऊन पुन्हा पाणी होत होती. कोरडा गारठा टाळण्यासाठी आम्ही ओलावा कोंडून ठेवला होता आणि दम्याला तोच अधिक वाईट. हे मला आज सुसंगतपणे सांगता येते. त्या दिवशी आम्ही फक्त फडक्याने भिंती पुसल्या.

आवाराच्या फाटकाशी रोज संध्याकाळी शेकोटी पेटे. तिकडे तिला 'अलाव' म्हणतात. काठावरचे नावाडी तेथे शेकायला बसत. त्यांत साठीच्या पुढचे एक नावाडी होते. सारे त्यांना 'चाचा' म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. नावेच्या राखणीसाठी ते रात्री नावेतच झोपत. बांबूच्या कमानी आणि त्यांवर ताडपत्री एवढेच त्यांच्या नावेचे छप्पर. दाजींना त्यांची कीव येई. "एवढ्या गारठ्यात पाण्यावर झोपतो हा म्हातारा!" ते म्हणत. आपल्या घरापेक्षा त्याचे घर अधिक शहाणपणाने बांधलेले आहे, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते.

डिसेंबर संपत आला होता. त्या रात्री पश्चिमेचा वारा सुटला. तापमापक बाहेर ५ दाखवत होता आणि आतही ११ वर उतरला होता. अक्काला धाप लागली. दाजी अस्वस्थ होऊन बाजारात गेले आणि मातीची एक शेगडी घेऊन आले. तिकडे तिला 'बोरसी' म्हणतात. त्यांनी लाकडी कोळसे बाहेर पेटवले. अक्काला धूर लागू नये म्हणून ते पाऊण तास वाऱ्यात शेगडीपाशी बसून राहिले. कोळसे लालभडक झाले, धुराची शेवटची रेघही नाहीशी झाली, तेव्हाच त्यांनी शेगडी आत आणून दारापाशी ठेवली. "आता धुराचे नाव नाही," ते म्हणाले. गाडीत सुखद ऊब पसरली. अक्काची धाप थोडी कमी झाल्यासारखी वाटली. आम्ही झोपलो.

मला जाग आली ती अक्काच्या हाकेने. ती हाक फार दुरून येत असावी असे वाटले. डोके घणाने ठोकल्यासारखे दुखत होते. मला मळमळत होते, पण उठण्याची इच्छा होत नव्हती. तसेच पडून राहावे, असे एक विलक्षण सुस्त सुख अंगभर पसरले होते. अक्का पुन्हा म्हणाली, "अरे, ऊठ. मला श्वास येत नाही. हे उठत नाहीत." त्या शेवटच्या वाक्याने मी उठून बसलो. उभा राहिलो तर गुडघे दुमडले. दार दोन पावलांवर होते. दुहेरी रबराने ते घट्ट बसले होते आणि माझ्या हातांत जोर नव्हता. मी खांद्याने दोनदा धडक दिली, तेव्हा ते उघडले आणि मी बाहेर मातीत पडलो.

शेकोटीपाशी कोणीतरी जागे होते. धावत येणारी पावले मला आठवतात. चाचांनी आत शिरून प्रथम शेगडी बाहेर फेकली, मग दाजींना काखेत धरून ओढत बाहेर आणले. अक्का स्वतःच्या पायांनी उतरली. थंड वाऱ्यात थोडा वेळ गेल्यावर दाजींनी डोळे उघडले. त्याच रात्री आम्हांला रुग्णालयात नेले. तेथे तिघांनाही प्राणवायू दिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जाऊ दिले.

डॉक्टरांनी जे समजावले ते प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. कोळसा पुरेशा हवेशिवाय जळतो तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो धुरासारखा डोळ्यांना झोंबतही नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि झोपेतच माणूस जातो. उत्तर भारतात प्रत्येक हिवाळ्यात बंद खोलीतल्या शेगडीने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. धूर गेला म्हणजे धोका गेला, असे दाजींना वाटले होते. वस्तुतः धूर हा निदान सावध तरी करतो. अक्काचा दमा, ज्याच्यासाठी हा सारा बंदोबस्त केला होता, त्या दम्यानेच तिला वेळेवर जागे केले आणि आम्ही वाचलो.

दोन दिवस दाजी कोणाशी फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते उठले, कानटोपी घातली आणि मला म्हणाले, "चला मास्तर, चाचांची नाव बघून येऊ." नावेशी पोहोचल्यावर त्यांनी चपला काढल्या, आत बसले आणि हिंदीतून सरळ विचारले, "चाचा, आप इसमें सोते कैसे हैं? मुझे सिखाइए।"

चाचांनी आम्हांला एकेक गोष्ट दाखवली. फळ्यांवर हातभर जाडीचा भाताचा पेंढा पसरलेला होता; त्याला ते 'पुआल' म्हणत. पेंढ्याच्या काड्या पोकळ असतात, त्यांत हवा राहते. पेंढ्यावर गोणपाट आणि त्यावर 'कथरी'. ती हातात घेऊन मी चकित झालो. ती आमच्या अक्काची गोधडीच होती. तेच जुने सुती कापड, त्याच धावत्या टाक्यांच्या ओळी. संस्कृतातल्या 'कन्था' शब्दापासून ती कथरी झाली आणि हिंदीतली 'गुदड़ी' आपल्याकडे गोधडी म्हणून नांदते. ताडपत्री वाऱ्याच्या बाजूने घट्ट बांधलेली होती. परंतु आडोशाच्या बाजूला, अगदी वर, एक फट मुद्दाम सोडलेली होती. त्यांची बोरसी बाहेर, नावेच्या टोकाला होती. निजण्यापूर्वी ते तिच्यापाशी हातपाय शेकून घेत आणि ती बाहेरच ठेवून आत जात. तिच्यात तापवलेली वीट मात्र फडक्यात गुंडाळून पायांशी घेत.

"बाबूजी," चाचा म्हणाले, "कमरा गरम नहीं करते, देह गरम रखते हैं।" खोली तापवायची नसते, अंगाची ऊब राखायची असते. दाजींनी मान हलवली आणि ते वाक्य मला वहीत लिहायला सांगितले. ३४ वर्षांचा कसलेला कारागीर पेंढ्यावर मांडी घालून शिकत होता. वयाच्या कोणत्याही टप्प्यावर 'मला शिकवा' असे म्हणता येणे किती अवघड असते आणि म्हटल्यावर किती सोपे होते, हे मी अनेक वर्गांत पाहिले आहे. त्या दिवशी ते घरच्याच माणसात पाहिले.

पुढचे चार दिवस आम्ही गाडी पुन्हा बांधली. दाजींनी छिन्नीने लांबी फोडून छताच्या दोन्ही झडपा मोकळ्या केल्या, त्यांना बारीक जाळी लावली आणि त्या दोन बोटांहून कमी बंद होऊ नयेत म्हणून आडवे लोखंडी तुकडे बसवले. गरम आणि दमट हवा वर जाते; तिला वरची वाट मिळाली. ताजी हवा आत येण्यासाठी दाराच्या खालच्या बाजूचे रबर बोटभर कापले. गाडी वळवून अशी उभी केली, की पश्चिमेचा वारा मागच्या बंद बाजूला आदळावा आणि उघडलेच तर सकाळचे ऊन दारातून आत यावे. गाद्यांखाली पेंढा भरला. बिछाने भिंतीपासून दोन बोटे दूर सरकवले, म्हणजे भिंतीचा ओलावा कापडाला लागू नये. स्वयंपाक बाहेर ताडपत्रीच्या आडोशाला हलवला आणि कपडेही तेथेच वाळू लागले. झोपण्यापूर्वी पाणी तापवून रबरी पिशव्या भरायच्या. एक अक्काच्या पायांशी, एक पाठीशी. रात्री लोकरी टोपी आणि मोजे. शेगडी आवाराच्या फाटकाशी गेली आणि तेथील शेकोटीत तिचे कोळसे सर्वांच्या उपयोगी पडू लागले.

त्यानंतर तापमापक आत १० किंवा ११ च दाखवी. पूर्वीच्या १५ पेक्षा कितीतरी कमी. तरीही थंडी कमी वाजे, कारण अंथरूण कोरडे होते. आठवड्याभरात अक्काचा खोकला उतरला.

मला तेव्हा आपल्याकडची माणसे आठवली. चाकांवरचे किंवा पाठीवरचे घर ही काही नवलाई नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्याच्या कितीतरी आधीपासून धनगर आपले बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढरांमागे हिंडत आले आहेत. ऊसतोड कामगार ऐन थंडीत फडाजवळ पाचटाच्या आणि बांबूच्या कोपीत राहतात. त्यांची मुले त्याच कोपीत वाढतात. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर त्याला मी थंडीत कसे राहावे हे शिकवू जाणे हास्यास्पद ठरेल. तापमापक आणि थर्माकोल हाती असूनही आम्हांला जे उमगले नाही, ते त्यांना अनुभवाने ठाऊक असते. फक्त एक भीती वाटते. आता कोपीवरही प्लॅस्टिकचा कागद येतो, पत्र्याच्या खोल्या येतात. पाचटातून आपोआप खेळणारी हवा त्यांतून खेळत नाही. जुनी सवय म्हणून शेगडी आत आली, तर तीच घात करील. वस्तू बदलल्या की सवयीही तपासून पाहाव्या लागतात.

हवेचा हा धडा मी पुष्कळदा मनात घोळवला. गोधडीच्या टाक्यांत आणि पेंढ्याच्या काडीत अडकलेली हवा आपल्याला ऊब देते. झडपेतून येणारी-जाणारी हवा आपल्याला जगवते. पहिली हवा धरून ठेवायची असते, दुसरी सोडून द्यायची असते. दाजींनी अक्कावरच्या मायेपोटी दोन्ही धरून ठेवल्या होत्या.

१५ जानेवारी २०२० रोजी मकरसंक्रांत होती. पूर्वांचलात त्या सणालाच 'खिचड़ी' म्हणतात. अक्काने तिळगूळ करून चाचांच्या घरी नेला. त्यांच्या घरून आम्हांला खिचडी आणि तिळाचे लाडू आले. त्याच संध्याकाळी मी परतीच्या गाडीत बसलो. ते दोघे मात्र माघी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे ९ फेब्रुवारीपर्यंत राहिले. अक्काची इच्छा पूर्ण झाली.

ती गाडी आजही दाजींच्या अंगणात उभी असते. उत्तरेकडे यात्रा घेऊन जाणारे चालक त्यांच्याकडे किरकोळ दुरुस्तीसाठी येतात. त्यांच्यापैकी काही जण थंडीत गाडीतच झोपतात, हे दाजींना ठाऊक आहे. काम संपले की ते त्या चालकाला हाताला धरून आपल्या गाडीत नेतात, छताच्या झडपेखाली उभे करतात आणि त्याची दोन बोटे त्या फटीत घालायला लावतात. "वारा येतो ना?" ते विचारतात. "येऊ दे. तो बंद करायचा नाही."